केसभर सरकलेली रेघ

आई, परवा गावी जाऊन तुझ्या मिरचीच्या वाडीतल्या बांधावर बसून आले. गुडघ्यांनी कुरकुर केली, पण बसले. खालच्या शेतातली काकू अजून खुटखुटीत आहे. तिने ओसरीवर बसवून चहा पाजला आणि तुझी आठवण काढली. "तुही माय लई गुनाची होती वं," म्हणाली, "एक चुन्याची रेघ तेवढी सरकवली तिनं." मी खाली मान घालून बशीत चहा ओतत राहिले.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी एकदा सांगू दे. मोठ्या दुष्काळाच्या आधीची ती सालं. माती वाहून जाऊ नये म्हणून उताराला आडवे बांध घालायला सरकार शेतकऱ्यांना अनुदान देत होतं. अट एकच, बांध नकाशातल्या रेघेवरच हवा. आणि त्या रेघा नागपूरच्या कचेरीत, टेबलावर वाकून, मी गिरवत होते. नोकरीला वर्षही झालं नव्हतं. तिथल्याच महाल भागात स्वतःची खोली घेतली म्हणून मी स्वतःला मोठी बाई समजायचे. एके दिवशी आपल्याच गावचा नकाशा समोर आला. रेघ थेट तुझ्या मिरचीतून जात होती. त्याच मिरचीच्या जोरावर तू मला शिकवलं होतंस. मी लेखणी केसभर सरकवली. कागदावरचा तो केस शेतात दहा-बारा पावलं भरतो, हे दुसऱ्या कुणाला नाही तरी मला कळायला हवं होतं. माझं कामच ते होतं.

चुना टाकणाऱ्यांनी माझीच रेघ शेतात उतरवली, बांध झाला, आणि तू कळवलंस की नकाशा काढणारा साहेब देवमाणूस आहे, मिरची वाचली. श्रावणात पाणी तुंबून बांध फुटला. काकूची उभी तूर मातीसकट नाल्यात गेली. मी रविवारी धावत आले. तू चुलीपाशी बसून जुन्या मिरच्यांचे देठ खुडते आहेस. मी सगळं सांगून टाकते. तुझे हात थांबत नाहीत. "मले विचारलं काहून नाही वं?" एवढंच म्हणतेस. मग खुडलेले देठ चुलीत टाकत, "मिरची मी दुसरीकडं लावली असती. तिची माती कोन आनून देईन?" तिखटामुळे डोळ्यांत पाणी आलं असं मी दाखवलं, आणि तूही ते चालवून घेतलंस.

दुसऱ्या दिवशी चौकशीचा साहेब आला. बांध चुकीच्या जागी पडलाय, हे त्याला फुटलेली जागा बघूनच कळलं. त्याने नकाशा उलगडायच्या आधी तू पुढे झालीस. "चुना मीच सरकवला, साहेब. मिरचीपायी." काकू शेजारीच उभी होती. नकाशाची गुंडाळी तशीच राहिली, माझी नोकरीही राहिली. तुझं अनुदान तेवढं रद्द झालं. मग मिरचीच्या मधोमध तू आपल्या हातांनी नवा बांध घातलास, आणि त्या साली जी काही मिरची आली, त्यातली अर्धी काकूच्या अंगणात वाळत पडली.

त्याच कचेरीतून मी शाल-नारळ घेऊन निवृत्त झाले. फार जीव होता माझा तुझ्यावर, अजून आहे. तरी परवा काकूच्या ओसरीवर माझी जीभ उचलली नाही. हा कागद आता तुझ्या पत्र्याच्या डब्यात ठेवून देईन. खरं तर हे पत्र काकूला लिहायला हवं होतं. ती जिवंत आहे, तिला वाचताही येतं. म्हणूनच तुला लिहिलं.