हिमे खात नाही

२८ सप्टेंबर १९९६, शनिवार

पोचले एकदाची जपानात! सेंदाई स्टेशनवर अरुणाताई घ्यायला आल्या होत्या. मामाच्या ओळखीतल्या, यजमान इथल्या विद्यापीठात. सोबत डब्यात दडपे पोहे. बाकावर बसून आम्ही दोघींनी ते संपवले आणि येणारेजाणारे आमच्याकडे बघत राहिले. मग बसने चाळीस मिनिटं. शहर मागे पडलं, चढ लागला आणि गल्लीच्या टोकाला शेवटचं घर.

खोली सुरेख आहे. आठ चटयांची (इथे खोली चटयांनी मोजतात), खिडकीतून नुसती उंच झाडं. भाडं नाही! विद्यापीठाच्या फलकावरच्या चिठ्ठीत लिहिलं होतं : भारतीय विद्यार्थिनी हवी, सापांची माहिती असावी, सापाची देखभाल केल्यास राहणं फुकट. आता पुण्याच्या सर्पोद्यानात दोन वर्षं अजगरांच्या टाक्या घासलेली दुसरी कोण मिळणार होती त्यांना? अरुणाताईंनी चिठ्ठी पाहिली, मला कळवलं, आणि मी आले.

घरमालकीण साकुमा-सान साठीच्या आहेत. किडकिडीत, ताठ. भारतीयच का, असं विचारलं तर म्हणाल्या, तुमच्या लोकांना साप कळतो. त्यांना 'व' म्हणता येत नाही, त्यामुळे मी विभाची बिबा-सान झाले. बिब्बा! आईला पत्रात लिहायला हवं.

३० सप्टेंबर

आज हिमेची भेट. हिमे म्हणजे राजकन्या. जाळीदार अजगराची मादी, साडेपाच मीटर, आणि रंग विलक्षण : जाळी आहे, पण काळी नाही, फिकट मधासारखी. साकुमा-सानच्या दिवंगत नवऱ्याने वीस वर्षं खपून हा रंग जोपासला. आता त्या रंगाची एवढी एकच मादी उरली आहे. नर पलीकडच्या खोलीत आहे, तो खाऊनपिऊन सुखी.

अडचण अशी की हिमे एप्रिलपासून काहीच खात नाही. मार्चमध्ये अंडी घातली, ती सगळी नासली आणि तेव्हापासून उपास. नोव्हेंबरात नराला सोडायचं. तोपर्यंत अंगावर मांस चढलं नाही तर अंडी धरणार नाहीत. तिचं वयही झालंय. साकुमा-सान म्हणाल्या, यंदा नाही तर कधीच नाही. बोलताना हात काचेवर होता. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

मागच्या मोठ्या दिवाणखान्याचे काचेने दोन भाग केलेत. एका भागात ती, दुसऱ्यात कपाट, फ्रीजर, वजनकाटा. खिडकीवर ऊब टिकावी म्हणून जाड फळ्या ठोकल्यात. माझी ही वहीसुद्धा मी तिथेच घेऊन बसते. निरीक्षणं आणि रोजनिशी एकातच.

५ ऑक्टोबर

गोठवलेला ससा कोमट पाण्यात ऊन केला, कोरडा केला, लांब चिमट्याने तिच्यापुढे हलवला. तिने जीभ काढली, मान फिरवली. काचेवर काळं कापड टाकून एकटीला ठेवलं. नाही. कोंबडी दिली, बदक दिलं. नाही. दिवे कमी केले. नाही. काही साप असतात असे खोडीचे. सर्पोद्यानात एक घोणस फक्त पांढरे उंदीर खायची. धीर धरायचा.

साकुमा-सानकडे धीर नाही. ससा परत आणला की त्या तो माझ्या हातातून हिसकून घेतात. आज म्हणाल्या, तुम्हाला काही येत नाही.

११ ऑक्टोबर

या घरात माझं काहीच बरोबर नसतं. चपला उलट्या ठेवल्या. नहाणीघरात पाणी सांडलं. फोडणीचा वास भिंतीत मुरतो म्हणून माझा हिंग त्यांनी न विचारता फेकून दिला. कचऱ्याची पिशवी शेजारणीने परत आणून दारात टाकली, चुकीच्या दिवशी ठेवली होती म्हणे. मी सुमिमासेन, माफ करा, म्हणाले, तिने माझ्यामागच्या भिंतीकडे पाहिलं. गल्लीत कुणी मान वर करत नाही. बसथांब्यावरची म्हातारी मी आले की चार पावलं सरकते.

मी काय वाईट केलंय यांचं?

१४ ऑक्टोबर

सोमवारी वजन. काटा नीट चालतोय का ते बघायला आधी मला उभं करतात. त्रेचाळीस. मग दोघी मिळून हिमेला टबात घेतो. एकसष्ट. दोन्ही आकडे त्या स्वतः लिहितात आणि वही कपाटात ठेवून कुलूप लावतात. आज माझा आकडा लिहिताना थांबल्या. म्हणाल्या, भात जास्त खात जा.

त्यांच्या तोंडून आलेलं पहिलं मायेचं वाक्य. वेडी मी, मला बरं वाटलं.

१९ ऑक्टोबर

खाल्लं!! हिमेने खाल्लं!

युक्ती साधी, आम्ही पुण्यातही करायचो. सापाला आवडणाऱ्या भक्ष्याचा वास नावडत्याला लावायचा, म्हणजे तो फसतो. मी म्हटलं, तिला काय आवडतं ते ठाऊक असतं तर! साकुमा-सान उठून गेल्या आणि एक टॉवेल घेऊन आल्या. त्यात ससा घोळला, माझ्या हाती दिला. चिमटा पुढे नेतेय तोवर हिमेने झडप घातली. इतकी जोरात की चिमटा वाकला.

टॉवेल माझा होता. केस पुसायचा. खोबरेल तेलाचा वास येत होता.

२० ऑक्टोबर

सकाळपासून एकच विचार डोक्यात. वासाची युक्ती केव्हा चालते? तो वास ज्या प्राण्याचा असतो, तो त्या सापाने आधी खाल्लेला असेल तेव्हा.

काहीतरीच. टॉवेल ऊन होता, एवढंच असेल.

२३ ऑक्टोबर

दुसरा ससा, तोच टॉवेल. तिने हुंगला आणि सोडून दिला. मग डोकं उचललं आणि काचेतून माझ्याकडे वळवलं. मी डावीकडे सरकले, डोकं डावीकडे. उजवीकडे सरकले, उजवीकडे.

मागे साकुमा-सान उभ्या होत्या. त्या सापाकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, हिला आता फसवता येणार नाही.

२७ ऑक्टोबर

अरुणाताईंकडे जेवले. वरण-भात बघून रडूच आलं. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी वाढता वाढता डाव खाली ठेवला. मग म्हणाल्या, विभा, मला आधीच बोलायला हवं होतं. गेल्या वर्षी त्या घरात अनुराधा नावाची मुलगी होती, नागपूरची, अगदी चिमणीएवढी. नोव्हेंबरात अचानक भारतात परत गेली. साकुमा-साननी फोनवर तसं सांगितलं, आई आजारी आहे म्हणून. अरुणाताईंनी नंतर दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही. त्यांना वाटलं, मुलगी जरा तुटक असेल.

ठरलं. पुढच्या रविवारी ताई गाडी घेऊन येणार, मी सामान बांधून तयार राहायचं. मधले दिवस विद्यापीठातली कामं आहेत, जमेल तेवढी बाहेरच राहीन. आजच निघ म्हणत होत्या त्या. मीच म्हटलं, पासपोर्ट, पुस्तकं सगळं तिथे आहे. आठवड्याने काय होतंय.

३१ ऑक्टोबर

साकुमा-सानना सांगितलं की वसतिगृहात जागा मिळाली. ओरडतील वाटलं होतं. नुसती मान लववली. म्हणाल्या, जाण्यापूर्वी शनिवारी सकाळी एकदा शेवटचा प्रयत्न करा, तुमच्याशिवाय ती खाणार नाही. मी हो म्हटलं. महिनाभर फुकट राहिले, एवढं तर करायलाच हवं.

२ नोव्हेंबर, शनिवार, सकाळ

सशाची वाट बघत या खोलीत बसलेय. साकुमा-सान तो ऊन करायला स्वयंपाकघरात गेल्यात. बराच वेळ झाला. कपाटाला आज कुलूप नाही. वजनाची वही समोरच आहे.

अक्षरं जपानी, पण आकडे आकडेच असतात. चार रकाने. तारीख, खाणं, हिमे, आणि काट्यावर आधी उभी राहणारी. गेल्या वर्षी ऑक्टोबरपर्यंत दर पंधरवड्याला ससे आहेत (फ्रीजरमधल्या पिशव्यांवरचं अक्षर), म्हणजे ससे खायची ही. शेवटच्या रकान्यात दर सोमवारी एकोणचाळीस, चाळीस, एकोणचाळीस.

४ नोव्हेंबर. हिमे त्रेसष्ट.

५ नोव्हेंबर. हिमे एकशे दोन. खाण्याचा रकाना कोरा.

त्यानंतर शेवटचा रकानाही कोरा आहे. पार यंदाच्या ३० सप्टेंबरपर्यंत. तिथून त्रेचाळीस.

दार

थोड्या वेळाने

दाराला बाहेरून कडी. मी लाथा मारल्या, खांदा मारला. दार जाड आहे. बाहेर टीव्ही मोठ्याने लावलाय. खिडकीची एक फळी नखांनी उपटली, तर मागे लोखंडी पत्रा.

काचेच्या दाराची खिट्टी जागेवर नाही. काढून नेलीय. मी फ्रीजर ढकलून काचेला टेकवलाय. हिमे अजून कोपऱ्यात आहे. वेटोळं सुटतंय.

दुपार

विभा, विचार कर. तुला साप कळतो.

एक. वास. कपाटातल्या जंतुनाशकाने केस, मान, हात, सगळं अंग पुसलं. कातडी जळतेय. तिची जीभ थोडी कमी हलतेय, की मला तसं वाटतंय.

दोन. ऊब. थंड पडला की साप सुस्तावतो, भक्ष्य धरत नाही. दिव्यांच्या आणि हीटरच्या वायरी सगळ्या उपटल्या. आता दाराखालच्या फटीतून येतो तेवढाच उजेड, त्यात लिहितेय. भिंतीवरच्या तापमापकात तीस होतं. आता सव्वीस.

बाहेर नोव्हेंबर आहे. उतरेल. उतरायलाच हवं.

संध्याकाळ

बावीस. तिने काचेचं दार ढकललं. फ्रीजर हातभर मागे गेला. अर्धी बाहेर आली आणि थांबली. हलत नाही. मी वजनकाट्यावर चढून भिंतीला चिकटलेय. दात वाजतायत. वाजू देत, थंडी माझ्या बाजूची आहे.

ताई उद्या येणार. उद्या सकाळी. एवढंच धरून ठेवायचं.

३ नोव्हेंबर, रविवार

अठरा. फटीत पुन्हा उजेड आलाय. ती रात्रभर वीतभरही सरकली नाही. मी जिंकतेय, हिमे, ऐकतेस ना —

फोन वाजला. साकुमा-साननी टीव्ही बंद केला. मला तेवढं जपानी कळतं. नाही, काल सकाळीच गेल्या. भारतात. आईची तब्येत. हो, अगदी अचानक. नाही, तुम्ही यायची तसदी घेऊ नका, खोली रिकामी आहे.

मी ओरडले. ताई, ताई, घसा फाटेपर्यंत. पण त्याआधीच फोन ठेवल्याचा आवाज आला होता.

मग त्या दारापाशी आल्या. अगदी हळू, नरम आवाजात म्हणाल्या, बिबा-सान, ओरडू नका. ती घाबरते. घाबरली की खात नाही.

नंतर

ताई येतीलच. त्यांनी हेच एकदा ऐकलंय. दुसऱ्यांदा नाही फसणार त्या. गाडीने चाळीस मिनिटं, फार तर तासभर. अठरा अंशांत ती तास काय, दोन दिवसही —

भिंतीत काहीतरी गुरगुरतंय. पाणी वाहिल्यासारखं.

नंतर

काट्यावरून एक पाय खाली ठेवला. लाकडी जमीन गार हवी. गार नाही. जमिनीखाली नळ्या आहेत. गरम पाण्याच्या. त्याचं बटण बाहेर आहे —

एकवीस

तिची जीभ

चोवीस. जमीन आता ऊन. ती सगळी बाहेर आलीय, जमिनीला पोट लावून पडलीय, ऊब पितेय. आई, मी —

गाडी थांबल्याचा आवाज आला. आला ना? घंटा वाजतेय. साकुमा-सान चालत जातायत, सावकाश. ताईंचाच आवाज. ओरडायला हवं, पण ओरडले की हलावं लागेल, आणि तिने डोकं उचललंय, सत्तावीस, ती माझ्या हाताकडे बघतेय, पेन हलतंय तिकडे, पेन थांबवायला ह