लूमच्या आवाजावर

टेमघर, भिवंडी
जून २००६

चंद्रा,

अपिलाचा अर्ज मी कालच तुझ्या ऑफिसात दिला. त्यात तुला 'माननीय मुख्याध्यापिका' लिहिलंय, तिथे तसंच लिहावं लागतं. हे पत्र मात्र पेटीत टाकणार नाही, म्हणून नावाने लिहिते.

तुमच्या शाळेच्या मुलाखतीत भाविकाची सगळी उत्तरं बरोबर आली, तरी आठवीला घेतलं नाही. कारण विचारलं तर तुमच्या बाई म्हणाल्या, "तुमची मुलगी ओरडून बोलते, शिस्त नाही." तू शेजारीच बसली होतीस. तू तरी सांगायचंस गं, की यंत्रमागाच्या कारखान्याच्या भिंतीला लागून वाढलेली पोरं ओरडत नाहीत, तशीच बोलतात.

आठवतं? लूमची खटखट चालू असताना तू ओट्यावरून कविता म्हणायचीस आणि मी गल्लीच्या या टोकाला ती पाठ करायचे. माझ्याकडे पुस्तक नव्हतं, तुझा आवाज होता. शुक्रवारी लूम बंद असायचे, तरी आपलं तसंच. तुझे बाबा हसायचे, "अगं पोरींनो, आज सुट्टी हाय, हळू बोला." आपल्याला हळू बोलता यायचंच न्हाय.

तू नंतर ते शिकलीस. त्याचा मला राग नाही.

पण आता भाविकाही सराव करते. आज दारात उभी राहून मला काहीतरी सांगत होती, अगदी तुमच्या बाईंसारखं हळू. शेजारी लूम चालू होते. तिचे ओठ हलताना दिसले, चंद्रा. ऐकू काहीच आलं नाही.

गल्लीच्या या टोकाची,
रूपा