घरच्या बातम्यांसाठी जागा

प्रिय छोटे,

मी फोन घेत नाही, नुसते निरोप टाइप करून पाठवतो, म्हणून तू माझ्याशी कट्टी केल्याचं तुझ्या वहिनीकडून कळलं. या वयात कट्टी शोभते का, ते तुझं तू बघ. आधी पार्सल उघड. त्यात आपला गाण्यांचा डबा आहे, चालू अवस्थेत.

हो, तोच. बाबांनी दोघांत मिळून एकच घेतलेला खिशातला प्लेअर. हेडफोनचं एक बोंड तुझ्या कानात, एक माझ्या. तो गच्च भरल्यावर आपण कायदा केला होता: एक गाणं आत, तर एक बाहेर. आणि तू दर वेळी माझंच गाणं बाहेर काढायला टपलेली असायचीस. त्यातली तीन मला पुन्हा कुठेच मिळाली नाहीत, तुला अजून माफ केलेलं नाही.

मागच्या महिन्यात तो कपाटात सापडला. चार्ज करून कानाशी धरला, तर चिडीचूप. मेला म्हणून ठेवून देणार, तेवढ्यात तुझी वहिनी धावत आली, हे काय एवढं खरखरतंय म्हणून. आतली गाणी साठवणारी फिरती चकती झिजली होती. मला काही म्हणता काही कळलं नव्हतं.

मग दुकानात, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात, चष्म्याच्या दांड्या आवळायच्या स्क्रूड्रायव्हरने तो उघडला. चष्मेवाल्याला कुठला स्क्रू लहान वाटत नाही. चकती काढून तिच्या जागी नखाएवढं मेमरी कार्ड बसवलं. आतली कागदासारखी पातळ रिबन पहिल्या फटक्यात तुटली, दुसरी मागवावी लागली, हसू नकोस. जुनी गाणी वाचली तेवढी वाचली. आता पूर्वीच्या दहापट जागा आहे, सगळं भरूनही डबा रिकामाच दिसतो.

यादी चाळताना मी वेड्यासारखा तुझ्या ‘घरच्या बातम्या’ शोधत बसलो. आठवतात? दहा वर्षांची तू, डब्यातच रेकॉर्ड केलेल्या. बाबा कपाळावरचा चष्मा घरभर शोधताहेत, आई कुणाचं ऐकत नाहीये, दादाने दात घासलेले नाहीत. बारा मिनिटं. दोन गाण्यांसाठी मी त्या पुसल्या आणि तू महिनाभर माझ्या शेजारी जेवायला बसली नाहीस. मला वाटलं होतं, हिचा आवाज काय, दिवसभर कानाशी असतोच.

ते आता फार लागतं गं. फोन घेत नाही, कारण फोनवरचं मला ऐकूच येत नाही. डावा कान दोन वर्षांपूर्वी गेला, उजवाही आता गेल्यातच जमा आहे. वहिनीवर रागावू नकोस, मीच तिला गप्प बसवलं होतं. पुढच्या महिन्यात ऑपरेशन करून कानात यंत्र बसवणार आहेत. डॉक्टरीणबाई म्हणतात, सुरुवातीला सगळे आवाज पत्र्यावर खिळे सांडल्यासारखे येतील. ऐकायला पुन्हा शिकावं लागेल, आणि ओळखीच्या आवाजावरून ते सोपं जातं. म्हणून डबा तुझ्याकडे धाडलाय. बाजूचं बटण दाबलं की अजून रेकॉर्ड होतं, वहिनीने तपासलंय. बातम्या सांग, कुठल्याही. शिव्या घातल्यास तरी चालेल. फक्त बोलशील ते वहीत लिहूनही पाठव, म्हणजे ओळीवर बोट ठेवून ऐकत जाईन. या वेळी जागा भरपूर आहे, छोटे. एक शब्दही पुसणार नाही.

तुझाच,
बातम्या पुसणारा दादा