माझ्या दफनाला बासष्टची नावं नकोत

मी, एडिथ हॅस्लम, कै. रेग हॅस्लम यांची पत्नी, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार मिल लेन, हार्लीब्रिज, उत्तर इंग्लंड, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझे गुडघे गेले आहेत, बुद्धी शाबूत आहे. दर शनिवारी मैदानावर भांडून मी तिला धार लावत आले आहे. यापूर्वीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर मुलगा ब्रायन यास, कलम चारच्या अटीवर. मागच्या दाराची कडी तो लग्नाआधीपासून दुरुस्त करणार आहे. आता स्वतःच्या घराची म्हणून तरी करेल.

२. गावच्या फुटबॉल क्लबच्या, म्हणजे रोव्हर्सच्या, मैदानावरील आम्हा नवराबायकोच्या दोन खुर्च्या नात टेसा हिला. ब्रायन तिथे बसून खेळ बघत नाही, आजच्या पोरांच्या नावाने बोटं मोडतो.

३. रोव्हर्सने सन १९६२ मध्ये जिंकलेल्या, बासष्टच्या कपाचे रेगचे पदक क्वाबेना ओसेई यास. रेगच्या जागी, बचावात डावीकडे, आज तो खेळतो. क्लबने पदक काचेच्या कपाटासाठी मागितले आहे. देऊ नये. गुडघा मोडल्यावर रेगला दारातूनच वाटेला लावला होता, तेव्हा कपाट कुठे होते?

४. आमच्या गावात दफन कोणाचेही असो, खड्ड्यापाशी बासष्टच्या संघाची नावे गोलरक्षकापासून क्रमाने म्हणतात. तोवर पाद्रीही थांबतो. माझ्या वेळी आजच्या संघाची नावे म्हणावीत, आणि ती ब्रायनने म्हणावीत. न म्हटल्यास घरही टेसाला जाईल.

ब्रायन म्हणतो, "आई, गावात तोंड दाखवायची सोय ठेवणार नाहीस तू. बासष्टचा संघ तो बासष्टचा संघ."

बासष्टची पोरं शूर होती. चिखलात भिजून दगड झालेल्या चेंडूला डोकं द्यायची. पण अर्ध्या खेळात धापा टाकायची, आणि सामन्याच्या दिवशीसुद्धा रेगला पबमधून मीच ओढून काढायची. आजच्यांनी कप आणलेला नाही, मान्य. पण चार गोल खाल्ले तरी चेंडू मागतात, लपत नाहीत. हा संघ सरस आहे, आणि हे मी एकटी म्हणत नाही.

रेगने माझ्याशेजारी बसून पाहिलेला तो शेवटचा सामना. क्वाबेनाने आमच्यासमोर चेंडू काढून घेतला आणि तसाच पुढे पळाला. मागून शेजारचा स्टॅन्ली ओरडला, "रेगच्या नखाची सर नाही तुला!"

रेग माझ्या कानाशी म्हणाला, "एडी, हा पोरगा माझ्यापेक्षा भारी आहे गं. मी असेपर्यंत बोलू नकोस कुठे. अजून बिअर फुकट मिळते मला."

मी शब्द पाळला. रेगच्या दफनात तिसरे नाव त्याचे आले, तेव्हा मी ढसाढसा रडले. माझ्या वेळी तिसरे नाव क्वाबेनाचे येईल. ब्रायन, बापाचं नाव म्हटलंस तितक्याच मोठ्याने म्हण.

हार्लीब्रिज, ६ मार्च २०१८
सही: एडिथ हॅस्लम

साक्षीदार:
१. मॉरीन टॅटरसॉल, परिचारिका. सही.
२. स्टॅन्ली पिकप, शेजारी. सही. बाईंनी माझ्यादेखत सही केली, एवढ्यापुरतीच माझी साक्ष. कलम चार मला साफ अमान्य. पण ब्रायनचा आवाज बसला, तर तिसरं नाव मी म्हणेन.