सिनेमाच्या खालच्या ओळी

मिठबाव, १२ जानेवारी २०२५

चि. सर्वेश, अनेक आशीर्वाद.

पत्र बघून हसशील. फोनवर बोलू लागले की बाबा माझ्या ओठांकडे बघत बसतात. ऐकू येत नाही, त्यामुळे आपल्याविषयीच चाललंय असं त्यांना वाटतं. म्हणून लिहिते.

त्यांच्या सिनेमांच्या डीव्हीडींना बुरशी धरली आहे. प्लेअरही बंद पडला. एकशे साठ डिस्क आहेत, आणि जेवणानंतरचा सिनेमा एवढीच त्यांची करमणूक उरली आहे. तू लिनक्स घालून दिलेल्या कॉम्प्युटरवर सगळ्यांच्या फाइली करायचं ठरवलं, पण सॉफ्टवेअर निवडण्यातच आठवडा गेला. मेकएमकेव्ही डिस्कवरचं जसंच्या तसं उचलतं, पण एकेक सिनेमा सहा-सात जीबी. हँडब्रेक तोच दीड जीबीत बसवतं, पण दोन तास घेतं. कोणतं घेऊ? शिवाय विकत आणलेल्या सिनेमाची नक्कल काढणं योग्य का, हाही किडा डोक्यात आहे. मूळ डिस्क आपल्याकडेच ठेवल्या तर मनाला कमी टोचेल. लायब्ररीतून घरी येईपर्यंत सहा वाजतात, मग डोकंच चालत नाही.

लोभ आहे तसा राहू दे.
किशोरीताई

पुणे, १९ जानेवारी

ती. ताईस, सा. न.

एक सॉफ्टवेअर निवडूक आठवडो लावलंस गो! तुझ्याबरोबर साडी घ्यायला जाणाऱ्यांचे हाल आठवले.

तुझ्या पाचशे जीबीत सगळं जसंच्या तसं मावणार नाही. हँडब्रेक घे. संध्याकाळी डिस्क घालायची आणि आपलं काम करायचं. आधी एक सिनेमा करून बाबांना दाखव, बरा वाटला तर पुढे जा. आणि नकलेची एवढी काळजी नको, घरातच बघायचंय.

तुझी माया अशीच राहो, बोलणी थोडी कमी.
सर्वेश

मिठबाव, २५ मार्च

चि. सर्वेश यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र तुझ्यापुरतं ठेव. हिंदी सिनेमाखाली इंग्रजी ओळी येत, त्या वाचून मी सिनेमा समजून घेत असे. नव्या फाइलींत त्या येत नाहीत. पहिला सिनेमा मी वीसेक वेळा पाहिलेला, संवाद पाठ, त्यामुळे माझ्या ध्यानातच आलं नाही. किशोरीने विचारलं तेव्हा बरो आसा म्हणालो. पुढे कळलं तोवर तिचे बारा-तेरा करून झाले होते. ती दमून येते आणि चहाच्या आधी मशीनमध्ये डिस्क घालते. तिला काय सांगू? रविवारी ती शेजारी बसते, ती हसली की मीही हसतो.

आता त्रेचाळीस झाले. झालेल्या डिस्क तिने वांदरांना भिववायला परसात वांग्यांवर टांगल्या. परसू आपलं, म्हणजे मूळ डिस्क आपल्याकडेच, असं तिचं म्हणणं. उन्हात छान चमकतात. वांदर येतातच.

नव्या पद्धतीत ओळी येतच नसतील तर तसं कळव, म्हणजे मी वाट बघणार नाही. तिला मात्र सांगू नकोस, सगळं पुन्हा करत बसेल.

प्रकृतीला जप, पत्राला विसरू नकोस.
बाबा

पुणे, २ एप्रिल

ती. ताईस, सा. न.

बाबांचं पत्र सोबत पाठवतोय. त्यांनी तुला सांगू नको म्हटलं होतं. चार दिवस त्यांचं ऐकलं, पण रोज एक फाइल वाढतेय हे डोळ्यांसमोरून हलेना.

चूक माझी. हँडब्रेकमध्ये खालच्या ओळी वेगळ्या निवडाव्या लागतात, नाहीतर त्या मागे राहतात. मला कधी वाचायची गरज पडली नाही, म्हणून सुचलंच नाही. मोठी हार्ड डिस्क कुरिअरने निघाली आहे. उरलेले सिनेमे मेकएमकेव्हीने कर, फक्त ओळींपुढची खूण तपासून घे. टांगलेल्या डिस्क पुसून एकदा लावून बघ.

तुका राग इलो तर माझ्यावरच काढ, पण लोभ सोडू नकोस.
सर्वेश

मिठबाव, १३ एप्रिल, रविवार

तीर्थरूप बाबांस, शि. सा. न. वि. वि.

एकाच घरातून पत्र लिहिते आहे. हे ओरडून सांगितलं असतं तर अख्ख्या वाडीला कळलं असतं आणि तुम्हाला अर्धंच.

सर्वेशने तुमचं पत्र पाठवलं. त्याला बोलू नका. मला आधी तुमचाच राग आला. मग आठवलं, सिनेमा कसा होता हे मी रोज विचारत होते, पण तुमच्याकडे पाठ करून, पुढची डिस्क घालता घालता. तुम्हाला प्रश्न तरी ऐकू आला असेल का? तुम्ही अंदाजाने बरो म्हणत होता आणि मला तेवढंच हवं होतं.

वांग्यांवरच्या डिस्क उतरवल्या, आता त्रेपन्न झाल्या होत्या. एकोणीस लागतात. बाकीच्या वाऱ्याने काठ्यांवर घासून गेल्या. त्यातला कोणता सिनेमा तुम्हाला फार हवा होता, ते लिहून द्या. देवगडला, सावंतवाडीला, कुठे मिळतो का बघेन.

आज तुम्ही काशिनाथकाकांकडे गेलात तेव्हा मी त्यातला एक सिनेमा आवाज बंद करून बघायला बसले. वीस मिनिटांत उठले. तुम्ही तसे त्रेपन्न, शेवटपर्यंत बसून पाहिलेत.

मी दमते, हे खरं आहे. पण यापुढे बरं नसेल तर बरं नाही म्हणा. मीही समोर येऊन विचारेन.

आशीर्वाद असावेत, तक्रारीही असाव्यात.
आपली,
किशोरी