पडद्यावर थिजलेला सत्त्याण्णव

प्रिय सलीमभाई,

तुम्ही जाऊन वर्ष झालं आणि आज लिहितेय, कारण मला फार भीती वाटतेय. माझी चूक नेमकी काय, हे समजेल असं आपल्या ऑफिसात आता कुणी नाही.

आठवतंय? कुर्डुवाडीहून नवीन आले तेव्हा पोर्ट म्हणजे मशीनमागचं वायर घालायचं भोक, असं मी समजत होते! तुम्ही हसला नाहीत. "पत्ता मशीनचा गं. पण आत धा प्रोग्राम चालतात. त्यातल्या कुणाला द्यायचं, ते पोर्टचा नंबर सांगतो."

आणि रीडचं, म्हणजे आलेली माहिती वाचून घेण्याचं? "यकाचीच वाट बघत बसलीस तर बाकीच्यांचं कोण ऐकणार? काय आलंय का बघ, न्हाय तर फुडं चल की!" वहीत लिहून घेतलं होतं हो. केलं मात्र नाही.

दवाखान्यातल्या वॉर्डाचा प्रोग्राम मी एकटीनं लिहिला. आठ रुग्णांच्या बोटांना लावलेली यंत्रं ऑक्सिजनचा आकडा पाठवतात. सर्व्हर ते पाळीपाळीनं वाचून मोठ्या पडद्यावर दाखवतो. सोमवारी दुपारी मी तिथंच होते. तीन नंबरच्या खाटेची वायर निसटली. सर्व्हर तिच्याच आकड्याची वाट बघत अडकला, आणि बाकीच्या सातांचे जुने आकडे पडद्यावर तसेच राहिले. कुणाला कळलं नाही. मलाही!

सात नंबरच्या आजोबांचं ताट उचलायला गेलेल्या सिस्टर ओरडल्या, "अवो म्याडम, ह्यांचे व्हट निळे पडलेत! तितं सत्त्याण्णव कसं दाखवतंय?"

ऑक्सिजन लावला. आजोबा वाचले. डॉक्टर म्हणाले, "वायर निसटली, दुसरं काय!" आणि मी होकारार्थी मान हलवली. का हलवली, सलीमभाई?

बाहेर येऊन सवयीनं तुमचा नंबर लावला. भाभींनी उचलला. मी फोन ठेवून दिला.

आता प्रत्येक रीड न थांबणारं केलंय. काही आलं नसेल तर सर्व्हर पुढच्या खाटेकडे जातो. पाच सेकंद आकडा आला नाही, तर तिथं लाल रेघ येते. आठही वायरी स्वतः काढून पाहिल्या. तरी पुन्हा पुन्हा प्रोग्राम वाचतेय. आणखी काय राहिलं असेल? तुम्ही इतक्या लवकर जायला नको होतं!

उद्या अकराला डॉक्टरांना भेटणार आहे. काम जाईल, कदाचित नोकरीही. पण चूक वायरची नव्हती, माझी होती, हे त्यांच्या तोंडावर सांगेन. शब्द देते.

तुमची,
वैशाली