मदुरैच्या दुकानाची धूळ

विश्रामबाग, सांगली
२६ नोव्हेंबर १९७४

चि. हंबीररावास राहीआक्काचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. इकडं आमी दोघंच, बरी हाय म्हणायचं. तुझ्या दाजींचा दम काही हटत न्हाई. मदुरैला गलाईच्या दुकानात बावीस वर्सं सोनं गाळलं, तेजाबाचा धूर छातीत साठला, त्यो आता कुठला निघतोय? डाक्टरनं केरसुणीची धूळसुद्धा अंगावर घेऊ नका म्हणून सांगितलंय. म्हणून दुकान बंद करून येताना आणलेलं ते धूळ ओढायचं मशीनच मी रोज घरात फिरवते.

पण आठ दिस झालं, मशीन लावलं की जळका वास येतोय, रबर करपल्यावानी. मी म्हणते बंद करा, तर ते म्हणत्यात कसला वास? तेजाबानं त्यांचं नाक कवाच मेलंय. फोडणी करपली तरी कळत न्हाई, त्यामुळं माझा स्वयंपाक त्यांना कायम ग्वाड! तू मिल्ट्रीत पंधरा वर्सं इंजिनं उघडलीस, याचं काय ते कळव. मशीन न्हाई लावलं तर त्यांचा दम, आन् लावलं तर आगीची भीती. मला कायच सुचंना.

पोरांना माझा मुका सांग. मायेत अंतर पडू देऊ नको.
तुझी,
सौ. राहीआक्का

पाटण, जि. सातारा
३० नोव्हेंबर १९७४

ती. सौ. आक्कास हंबीरचा शि. सा. न. वि. वि. पत्र पोचलं. मिल्ट्रीत मी रणगाडे दुरुस्त केले, आन् तू मला केर काढायचं मशीन दावतीस. प्रमोशनच झालं म्हणायचं!

आता नीट ऐक. वास आला की त्याच घडीला बंद करायचं आणि प्लग भिंतीतनं उपसायचा. नळीच्या तोंडाला ब्रश हाय, त्यात केस गुंतत्यात, ते कात्रीनं काप. मग पोटातली पिशवी बघ. ती गच्च भरली की वारा आत ओढला जात न्हाई आणि मोटर तापती. माझा वहीम पिशवीवरच हाय. ती रिकामी करून झटक. तरीबी वास आला तर मोटरीचं कार्बन झिजलं असणार, ते मी बघतो. रविवारी, आठ तारखेला, सकाळच्या एस्टीनं येतो. तवर मशीन चालवू नका.

दाजींना म्हणावं, नाक गेलं तर गेलं, कान तरी बायकोला द्या. लोभ हाय तसाच असू दे.
आपला,
हंबीर

विश्रामबाग, सांगली
३ डिसेंबर १९७४

चि. हंबीररावास आक्काचे आशीर्वाद. वि. वि. ब्रशातनं मूठभर केस निघालं, सगळं माझंच. पिशवीला मात्र ते हात लावू देईनात. दगडावानी घट्ट झालीया. म्हणत्यात, मदुरैचं दुकान सोडताना शेवटचं याच मशीननं झाडलंय, त्या धुळीत सोनं हाय. तुला ठावं हाय, गलाईवाला दुकानाचा केर कवा टाकत न्हाई, साठवून साठवून गाळतो. बरं वाटलं की स्वतः भट्टी लावणार म्हणं.

मला आला राग. बोलून गेले, उभा जन्म लोकांचं सोनं गाळलं, आपल्या घरात माझ्या डोरल्याच्या मण्यांबिगर गुंजभर न्हाई, आन् आता धुळीत शोधताय व्हय? येड लागलंय तुमाला. तवापासनं माझ्याशी बोलत न्हाईत. मला बी लय वाईट वाटतंय.

मशीन खाटंखाली ढकललंय, ओल्या फडक्यानं पुसून भागवते. तू येणार म्हटल्यावर मात्र त्यांचं तोंड जरा उजळलं. तुझं ते ऐकतील. रविवारी स्टँडवर घ्यायला येते. बहिणीवर जीव असू दे.
तुझी,
सौ. राहीआक्का

पाटण
६ डिसेंबर १९७४

ती. सौ. आक्कास शि. सा. न. वि. वि. घाईत लिहितोय. कारखान्याची टोळी अवचित आली, उद्यापासनं आमची ऊसतोड. हा रविवार जमत न्हाई, पुढच्या रविवारी नक्की. राग धरू नको.

पिशवीचं सोपं हाय. धूळ टाकूच नको. उशीच्या अभ्र्यात ओत, तोंड बांध आणि दाजींच्या उशाला ठेव. त्यांची धूळ त्यांच्यापाशी राहील आणि मशीन मोकळं हुईल. पाच मिनटांचं काम. मला आधीच सुचायला पायजे व्हतं. प्लग मात्र उपसूनच ठेव. दाजी एकटे चालवत बसले तर कवा थांबायचं ते त्यांना कळायचं न्हाई. दोघांनी भावाची आठवण ठेवावी.
आपला,
हंबीर

विश्रामबाग, सांगली
२४ डिसेंबर १९७४

चि. हंबीररावास आक्काचे आशीर्वाद. तार मिळताच धावत आलास, सावडायचं करून मंगळवारी गेलास, आणि बुधवारी तुझं सहा तारखेचं पत्र आलं. वर तू सौ. लिहिलं व्हतंस. देताना पोस्टमन माझ्याकडं बघंना.

रडारडीत तुला नीट सांगितलंच न्हाई. रविवारी पहिल्या गाडीतनं तू उतरला न्हाईस, म्हणून दुसरी बघितली, मग तिसरी. घरी आले तर दारातनं धूर. मशीन जळून काळं पडलेलं, आणि ते नळी हातात धरून भिंतीला टेकलेले. धुगधुगी व्हती. मेव्हणा येतोय, खोली साफ दिसू दे म्हणून काढलं, असं तुटक तुटक बोलले. जळल्याचं कळलं न्हाई का म्हणून विचारलं, तर नुसती मान हलवली. डाक्टर येईपातूर संपलं सगळं. मी तुला बोल लावत न्हाई, हंबीर. पण त्या तीन गाड्या माझ्या डोळ्यांपुढनं जात न्हाईत.

न्यायच्या वेळी मयताच्या तोंडात ठेवायला सोनं पायजे म्हणाली माणसं, तवा तुझ्यासमोरच मी डोरल्यातला एक मणी तोडून दिला.

मोटर जळली तरी पिशवी शाबूत व्हती, ती तुझ्या पत्रापरमानं अभ्र्यात ओतली. खरंच पाच मिनटं लागली. यांचा विट्याचा पुतण्या अर्जुना, त्यानं ती धूळ नेऊन गाळली. काल आला, कागदाच्या पुडीत ज्वारीच्या दाण्याएवढं सोनं घेऊन. माझ्या मण्यापेक्षा मोठं हाय. ते खरं बोलत व्हते रं, आणि मी त्यांना येड्यात काढलं. आता ही पुडी घेऊन बसलेय. हे सोनं कुणाच्या तोंडात ठेवू, तूच सांग.

पाकिटावर यापुढं नुसतं राहीबाई घाल. पण पत्र टाकायचं थांबू नको.
तुझी,
आक्का